‘फॉरमॅट करा’ म्हणणारी डिस्क: नारायण पेठेतल्या एका दिवाळी अंकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नारायण पेठेत दोन खोल्यांत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावण्याचं काम करणाऱ्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. अंकाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. प्रेसपासून लेखकांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच.

ताई वीसेक वर्षं पानं लावतात. वर्षभर पुस्तकं आणि स्मरणिका, आणि गणपतीचं विसर्जन झालं की दिवाळी अंक. त्या वर्षी हातात होता तो अंक २०८ पानांचा, म्हणजे १६ पानांचे १३ फर्मे. प्रत्येक फर्म्याची इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधली वेगळी फाइल, आणि चित्रं, व्यंगचित्रं, जाहिराती त्या फाइलला बाहेरून जोडलेल्या. मजकूर काही युनिकोडमध्ये, बराचसा जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये, ज्यात मराठी अक्षरं रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असतात.

हे सगळं १ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर होतं. दिवसा ती नारायण पेठेतल्या डेस्कटॉपला लागायची, रात्री वारज्याच्या घरी लॅपटॉपला. मधला प्रवास स्कूटरच्या डिकीतून. फाइल डिस्कवरूनच उघडायची आणि डिस्कवरच सेव्ह करायची. त्याच डिस्कवर आधीच्या अंकांच्या आणि शेकडो पुस्तकांच्या ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइल, होत्या. प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीसाठी परत येतात ते या ओपन फाइलसाठीच, त्यामुळे ताईंच्या व्यवसायाची खरी पुंजी हीच.

ऑफिसात या डिस्कला ‘बॅकअपची डिस्क’ म्हणत. बाहेरून लावलेली डिस्क म्हणजे बॅकअप असा समज मला पुण्यातल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत दिसतो. इथे ती एकमेव प्रत होती. दुसरी प्रत म्हणावी असं काही होतं तर एका पेनड्राइव्हवर जूनपर्यंतची काही कामं, आणि संपादकांच्या मेलमध्ये प्रुफांसाठी पाठवलेल्या पीडीएफ.

काय बिघडलं

पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. त्या गुरुवारी दुपारी वीज गेली तेव्हा ताई एक फर्मा सेव्ह करत होत्या. यूपीएसची बॅटरी आधीच संपलेली. डिस्क एका यूएसबी हबला लावलेली होती, आणि त्या हबला स्वतःचा अ‍ॅडाप्टर नव्हता. त्याच हबवर माउस, की-बोर्ड आणि फॉन्टच्या परवान्याचा डोंगलही होता.

वीज आल्यावर डिस्क दिसली, पण एकेक फोल्डर उघडायला मिनिटं लागू लागली. मग ‘पॅरामीटर इज इनकरेक्ट’ अशी पाटी आली. संध्याकाळी ताईंचा भाचा आला. कॉलेजात त्याने अशी एक डिस्क नीट झालेली पाहिली होती. “मावशी, चेकडिस्क चालवू या, तेच दुरुस्त करतं,” म्हणत त्याने चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम सुरू केला, तेही प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा सर्वांत लहान कप्पा) तपासणाऱ्या आर पर्यायासह. काही तासांनी ते बाराव्या टक्क्यावर अडकलं आणि रात्रभर तिथेच राहिलं. सकाळी केबल ओढून काढली. पुन्हा लावल्यावर विंडोजने सांगितलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

ताईंनी ‘कॅन्सल’ दाबलं. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच, आणि तो त्यांनी एकटीने, कुणालाही न विचारता घेतला.

त्यानंतर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नवी केबल आणली गेली. त्याने थोडा फरक पडला. डिस्क मधूनच गायब व्हायची ती थांबली. फॉरमॅटची पाटी मात्र येतच राहिली. शनिवारी संध्याकाळी डिस्क तपासायला मला बोलावलं, तेव्हा संपादकांनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या शुक्रवारी पानं प्लेटला, म्हणजे छपाईच्या प्लेट बनवायला, गेलीच पाहिजेत.

केबल, वीज की डिस्क

बाहेरची डिस्क बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा बिघाड चार ठिकाणी असू शकतो. वीज आणि केबल, डिस्कच्या डबीतलं यूएसबीचं सर्किट, डिस्कवरची फाइलींची व्यवस्था, आणि खुद्द तबकडी किंवा वाचणारी हेडं. लक्षणं एकमेकांत मिसळतात, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध जातात. फाइल व्यवस्थेच्या बिघाडावर चेकडिस्क हा रास्त उपाय आहे. तबकडी खराब होत असेल तर तोच उपाय नुकसान वाढवतो. म्हणून काहीही चालवण्याआधी बिघाड कुठे आहे ते पाहणं भाग होतं.

पहिली तपासणी कानाने. डिस्क लावली आणि कान टेकवून ऐकलं. फिरण्याचा आवाज एकसंध होता. टकटक नाही, पुन्हा पुन्हा फिरायचा प्रयत्न नाही, बीप नाही. टकटक ऐकू आली असती तर मी तिथेच केबल काढली असती आणि पुढचं सगळं डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेवर सोडलं असतं. हेड निकामी झालं असताना डिस्क फिरत ठेवली तर तबकडीवरचा थर खरवडला जाऊ शकतो, आणि मग प्रयोगशाळेलाही हाती काही लागत नाही.

दुसरी गोष्ट वीज. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत करंट द्यायला बांधील असतो, यूएसबी ३.० चा ९०० पर्यंत. अ‍ॅडाप्टर नसलेला हब एकाच पोर्टचा करंट सगळ्यांत वाटतो. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी तिला सर्वांत जास्त करंट लागतो, आणि तो मिळाला नाही की ती मध्येच सुटते. म्हणून हब बाजूला काढला आणि डिस्क कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावली.

तिसरी गोष्ट विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर. माझ्या मते घरगुती तपासात हे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क अचानक निघाली. अशा नोंदींचा ढीग असेल तर संशय आधी केबल, पोर्ट आणि विजेवर घ्यावा. ७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला, आणि १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावं लागलं. ताईंच्या संगणकावर १५७ च्या नोंदी गुरुवारच्या कितीतरी आधीपासून होत्या. ७ ची पहिली नोंद गणपतीच्या दिवसांतली होती. म्हणजे गुरुवारी वीज गेली म्हणून डिस्क बिघडली हा सगळ्यांचा समज अर्धाच खरा होता. डिस्क आधीपासून दोन्ही बाजूंनी आजारी होती, आणि गुरुवारी ते उघड झालं.

चौथी गोष्ट स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदी. या नोंदी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये पिवळी खूण दिसली. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ शून्य होते, आणि भाच्याने त्यावर बोट ठेवून म्हटलं, “मग तर डिस्क चांगली आहे ना?” तसं नसतं. खराब सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर बहुधा तिथे पुन्हा लिहिलं जातं तेव्हा येतो. तोपर्यंत वाचता न येणारा सेक्टर ‘करंट पेंडिंग’मध्ये मोजला जातो, आणि तिथे आकडा १०४ होता.

पेंडिंग सेक्टर आहेत म्हणजे तबकडी गेलीच असंही नाही. लिहिताना वीज गेली की एखादा सेक्टर अर्धवट लिहिला जातो, त्याची तपासबेरीज जुळत नाही आणि तो पेंडिंगमध्ये जातो. तिथली तबकडी शाबूत असते, पुन्हा लिहिलं की तो सुधारतो. फरक आकडा वाढतो का यावरून कळतो. डिस्क काही वेळ नुसती चालू ठेवली, तर १०४ चे १६० झाले. गुरुवारच्या वीज जाण्याने नवे पेंडिंग सेक्टर शनिवारी तयार होणार नाहीत. तबकडी खरोखर खराब होत होती.

इथे एक बारकावा. स्मार्टमध्ये ‘सीआरसी एरर’ नावाची एक ओळ असते आणि ती शून्य असली की केबल निर्दोष आहे असं बरेच जण धरतात. ती ओळ डिस्क आणि डबीतलं सर्किट यांच्यामधल्या दुव्याच्या चुका मोजते. बाहेरच्या यूएसबी केबलच्या चुका तिथे येतच नाहीत. ताईंच्या डिस्कवर ती शून्य होती, तरीही जुनी केबल सदोषच होती. यूएसबी ३.० चा तो रुंद, चपटा मायक्रो-बी जॅक रोज काढघाल केल्याने ढिला पडतो.

समोर असलेले पर्याय

गरजा दोन होत्या, आणि त्या वेगळ्या होत्या. १३ फर्मे सहा दिवसांत हवे होते. बाकीच्या वीस वर्षांच्या ओपन फाइलना घाई नव्हती, पण त्यांतल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. घाईच्या गोष्टीसाठी बिनघाईच्या गोष्टीचा बळी जाऊ नये, हे आम्ही आधी बोलून ठरवलं.

“फॉरमॅट करा आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा” असा सल्ला ताईंना दोघा-तिघांनी दिला होता. या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल व्यवस्थेत सगळ्या फाइलींची यादी, एमएफटी, विंडोजवर फॉरमॅट केलेल्या मोठ्या डिस्कवर बहुधा विभागाच्या (पार्टिशनच्या) सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास सुरू होते. क्विक फॉरमॅट नवी यादी तिथेच मांडतो आणि जुन्या यादीचा सुरुवातीचा भाग पुसला जातो. पूर्ण फॉरमॅट तर व्हिस्टापासून पुढे अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्यानंतर उरत काहीच नाही.

चेकडिस्क पुन्हा चालवण्याला मी नकार दिला. ते मूळ डिस्कवरच लिहितं. फाइल व्यवस्थेची कडी जुळवणं हे त्याचं काम आहे, त्यासाठी ते न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतं. वाचता न आलेली नोंद आणि खरोखर चुकीची नोंद यांत ते तुमच्या बाजूने विचार करत नाही. शिवाय आर पर्याय कमकुवत डिस्कला प्रत्येक सेक्टर वाचायला लावतो, आणि तेवढे कष्ट घेऊन प्रत मात्र एकही हाती येत नाही.

रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट डिस्कवर चालवणं हा बराच मोहात पाडणारा पर्याय. बरीचशी सॉफ्टवेअरं आधी अख्खी डिस्क तपासतात आणि मग फाइल काढायला तीच डिस्क पुन्हा वाचतात. जी डिस्क कदाचित एकदाच पूर्ण वाचली जाईल तिला हे परवडत नाही. फक्त स्वरूप ओळखून फाइल उचलणारी पद्धत, उदाहरणार्थ फोटोरेक, फाइलींची नावं आणि फोल्डर परत देत नाही. इनडिझाइन चित्रं शोधतं ती नावावरून. नावं गेली की शेकडो चित्रं कुठल्या पानावरची ते हाताने लावत बसायचं.

प्रयोगशाळा हा पर्याय आम्ही शेवटपर्यंत उघडा ठेवला. फोनवर आलेला खर्चाचा अंदाज ताईंच्या त्या अंकाच्या मानधनापेक्षा जास्त होता आणि वेळेची हमी नव्हती. तरीही एक अट आधीच कागदावर लिहिली. टकटक सुरू झाली, किंवा डिस्कचा आकार भलताच दिसू लागला, किंवा वाचनाचा वेग तासभर जवळपास शून्यावर राहिला, तर थांबायचं आणि डिस्क तिकडे पाठवायची. काम सुरू झाल्यावर ‘अजून थोडं बघू’ असं वाटतंच, म्हणून अट आधी लिहिलेली बरी.

डबी उघडून आतली डिस्क थेट मदरबोर्डवरच्या साटा जोडणीला लावायची का, हाही प्रश्न आला. तसं केल्याने यूएसबीचं सर्किट बाजूला होतं. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जॅक डिस्कच्या सर्किटवरच असतो, आत साटा नसतोच, आणि काहींत डबीतलं सर्किट माहिती सांकेतिक करून लिहितं. नव्या केबलवर डिस्क टिकत होती, म्हणून डबीला हात लावला नाही.

उरला तो पर्याय निवडला. आधी डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर प्रत काढायची, आणि दुरुस्तीचं जे काही करायचं ते त्या प्रतीवर.

काय केलं

डिस्कच्या कामाला सुरुवात करण्याआधी संपादकांना फोन लावला. “सर, प्रुफांच्या जेवढ्या पीडीएफ तुमच्या मेलमध्ये आहेत तेवढ्या सगळ्या एका फोल्डरमध्ये काढा. एकही मेल डिलीट करू नका. लेखकांनी पाठवलेल्या मूळ फाइलही.” त्यांनी त्याच रात्री ते केलं. डिस्कमधून काहीच निघालं नाही तरी अंक कसा निघेल याची ही वाट होती, आणि ती डिस्कवर अवलंबून नव्हती. या फोनमुळे पुढच्या दिवसांत कुणी माझ्या मागे घाई लावली नाही. मला तर वाटतं, डिस्क वाचण्यात या फोनचाही वाटा आहे, कारण घाबरलेल्या माणसांच्या गराड्यात असं काम नीट होत नाही.

२ टीबीची नवी डिस्क आणली. प्रतीची फाइल मूळ डिस्कएवढीच, म्हणजे विंडोज दाखवतं त्या हिशेबाने ९३१ जीबीची होणार. फॅट-३२ या फाइल व्यवस्थेत एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून नवी डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल व्यवस्थेत बांधली. संगणक उबंटू या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि डिस्क आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी जोडली जाणं, आधी बंद केलं. विंडोज बाहेरची डिस्क दिसताक्षणी तिच्याशी बोलायला लागतं, क्वचित लिहायलाही. ते टाळायचं होतं.

साधन वापरलं जीएनयू डीडीरेस्क्यू. उबंटूत ते ‘जीडीडीरेस्क्यू’ या पॅकेजमध्ये मिळतं. त्याच्याशी नावाने मिळताजुळता एक वेगळा प्रोग्रॅम आहे, त्यात गफलत करू नये. डीडीरेस्क्यूची रीत परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवणाऱ्या मुलासारखी आहे. अडलेला भाग सोडून ते पुढे जातं, सहज वाचता येणारं सगळं आधी गोळा करतं, आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. कुठे काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद ते मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतं. मध्येच वीज गेली किंवा डिस्क सुटली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

एंटर दाबण्यापूर्वी मी आणि भाच्याने मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती ते आकारावरून आणि अनुक्रमांकावरून मोठ्याने वाचून ताडून पाहिलं. ही अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. तिथे दोन माणसं असावीत असा माझा आग्रह असतो.

पहिली फेरी, अवघड जागा न खरवडता, म्हणजे तिथला एकेक सेक्टर वाचायचा हट्ट न धरता. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तर पावणेतीन तास लागतात. इथे रात्र गेली. शेजारी टेबल फॅन लावून ठेवला होता, कारण बंद डबीतली डिस्क तासन्‌तास वाचली की तापते. पहाटे एकदा डिस्क सुटली. थोडी गार होऊ दिली, पुन्हा लावली, मॅपफाइलवरून काम पुढे सरकलं. फेरी संपली तेव्हा ३८ एमबी सोडून सगळं नव्या डिस्कवर आलं होतं.

इथे खरा पेच होता. ३८ एमबी म्हणजे एकूण माहितीचा नगण्य भाग, पण त्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं. अवघड जागा खरवडायला घ्यायच्या तर डिस्कवर ताण येणार. पण तिच्यातलं जवळपास सगळं आता सुरक्षित होतं, त्यामुळे धोका पत्करण्याची किंमत पहिल्या रात्रीपेक्षा कितीतरी कमी होती. ताईंना हे असंच सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्या म्हणाल्या, “एकदा करू या. दुसऱ्यांदा नको.” खरवडण्याची एक फेरी आणि उलट दिशेने पुन्हा प्रयत्नाची एक फेरी केली. शेवटी ४ एमबीच्या आसपास वाचता न येणारं राहिलं. पेंडिंगचा आकडा तोवर बराच वाढला होता. मूळ डिस्क काढून, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवली.

पुढचं सगळं प्रतीवर. टेस्टडिस्क या साधनाने दाखवलं की विभागाचा बूट सेक्टर, म्हणजे पहिलाच सेक्टर, खराब आहे, पण त्याची राखीव प्रत शाबूत आहे. एनटीएफएस ती विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. फॉरमॅटची पाटी येत होती ती पहिला सेक्टर वाचता येत नव्हता म्हणून. राखीव सेक्टर जागेवर आणला आणि फोल्डरांची यादी दिसू लागली. फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

कोणती फाइल पोकळ आहे ते कसं कळलं

माहिती परत मिळवण्याच्या कामात हा टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो, आणि छपाईच्या कामात तो गाळणं फार महागात पडतं. फाइल उघडली म्हणजे ती पूर्ण आहे असं नाही.

व्यंगचित्रांचे स्कॅन टिफ या प्रकारच्या चित्रफाइलींत होते. ३०० डीपीआयच्या ए-४ आकाराच्या करड्या टिफमध्ये, दाबून लहान केलेली नसेल तर, एका ओळीला २४८० बाइट्स लागतात. ४०९६ बाइट्सचा एक सेक्टर गेला तर चित्रातल्या जेमतेम दीड-पावणेदोन ओळी बिघडतात. पडद्यावर लहान करून पाहिलं तर दिसतही नाही. छापल्यावर मात्र चित्रावर बारीक रेघ येते, आणि तोवर हजारो प्रती निघालेल्या असतात.

डीडीरेस्क्यूत यावर उपाय आहे. फिल मोड वापरून प्रतीतल्या न वाचलेल्या जागा एखाद्या ठरावीक मजकुराने भरता येतात, आणि मग तो मजकूर कोणकोणत्या फाइलींत आढळतो ते शोधता येतं. फाइली आधी उतरवून घेतल्या असल्याने हे निर्धास्तपणे करता आलं. यादी आली ती ११ फाइलींची. त्यात चालू अंकाचे दोन फर्मे आणि तीन स्कॅन होते.

काय मिळालं, काय गेलं

१३ पैकी ११ फर्मे जसेच्या तसे मिळाले. उरलेल्या दोनांपैकी एक उघडलाच नाही. दुसरा उघडला, वरवर धडधाकट वाटला, पण यादीत त्याचं नाव असल्याने त्यावर भरवसा ठेवला नाही. दोन्ही फर्मे ताईंनी पुन्हा लावले. मजकूर लेखकांच्या मूळ फाइलींतून घेतला, मांडणी संपादकांकडच्या प्रुफांच्या पीडीएफ समोर ठेवून केली. युनिकोडमधले लेख झटपट झाले. श्री-लिपीतल्या एका कथेची मूळ फाइल सापडेना, आणि पीडीएफमधून मजकूर उचलला तर रोमन चिन्हांची खिचडी आली. तोच फॉन्ट लावल्यावर बराच भाग वाचता आला, काही जोडाक्षरं तुटली, आणि मुद्रितशोधकांनी ती कथा नव्याने तपासली. व्यंगचित्रकाराने मूळ चित्रं जपून ठेवली होती, ती पुन्हा स्कॅन केली. पानं शुक्रवारऐवजी सोमवारी प्लेटला गेली. वसुबारसेच्या आधी अंक स्टॉलवर होता.

जुन्या कामांपैकी बहुतेक सगळं आलं. चेकडिस्कने मात्र आपली खूण ठेवली होती. ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात ‘सीएचके’ शेपटीच्या अनेक फाइली, नावं गेलेल्या. त्यांतल्या कोणत्या कोणत्या पुस्तकाच्या हे ताई अंक छापून गेल्यावर एकेक उघडून लावत बसल्या.

एका कवितासंग्रहाची ओपन फाइल कायमची गेली. कवी हयात नाहीत, आणि हस्तलिखित कुठे आहे ते घरच्यांनाही माहीत नाही.

निर्णयाच्या जागा

गणपतीच्या दिवसांत पहिली ७ क्रमांकाची नोंद झाली, तेव्हा कुणी पाहिलं असतं तर डिस्क सरळ कॉपी करता आली असती आणि हे प्रकरण घडलंच नसतं. रोज पैसे मिळवून देणाऱ्या डिस्कचं स्मार्ट महिन्यातून एकदा पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

गुरुवारी फोल्डर उघडायला वेळ लागू लागला, तेव्हा डिस्क अजून वाचता येत होती. माझ्या मते सर्वांत मोठी संधी तिथे गेली. त्या दुपारी चालू अंकाचा फोल्डर तेवढा दुसरीकडे उतरवून घ्यायला हवा होता. हळू का होईना, तो आला असता. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. भाच्याला मी दोष देत नाही. त्याने जिथे पाहिलं तिथे चेकडिस्कने काम केलंच होतं. त्या डिस्कची तबकडी चांगली असणार, आणि हा फरक त्याला कुणी सांगितला नव्हता.

संपादकांना फोन शनिवारी रात्री झाला, तो गुरुवारीच झाला असता तर दोन दिवस हाताशी राहिले असते. बिघाड लपवण्याकडे आपला कल असतो, गिऱ्हाइकाला कळलं तर काम जाईल अशी भीती असते. संपादकांनी मात्र ऐकताक्षणी मदतीला सुरुवात केली.

खरवडण्याची फेरी करावी की नाही यावर अनुभवी लोकांतही मतं वेगळी आहेत. प्रयोगशाळेत जाण्याची शक्यता जिवंत असेल तर काही जण पहिल्या फेरीनंतरच थांबा म्हणतात, आणि कवितासंग्रहाचा विचार केला तर त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही. ताईंनी ठरवलं ते अंकाची तारीख आणि स्वतःची ऐपत पाहून, आणि ते मला योग्य वाटतं.

आता काम संगणकाच्या आतल्या एसएसडीवर चालतं. रोज संध्याकाळी एका बाहेरच्या डिस्कवर प्रत जाते, आठवड्याला दुसरी प्रत कोथरूडला बहिणीकडे, आणि चालू अंक क्लाउडवर. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आहे. यूपीएसला नवी बॅटरी आली. हब काढून टाकला. महिन्यातून एकदा बॅकअपमधला एक फर्मा चित्रांसकट उघडून पाहायचा, असंही ठरलं आहे.

कवितासंग्रहाच्या प्रकाशकांना ताईंनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. कपाटातली डिस्क प्रयोगशाळेत पाठवायची का, हे त्यांनाच ठरवायला दिलं. त्यांनी छापील प्रतीवरून पुन्हा अक्षरजुळणी करायचं ठरवलं, आणि ताई ते काम मोबदला न घेता करत आहेत.